न उघडलेली कॅसेट

माझ्याकडे येणारी माणसं नमस्काराच्या आधी विचारतात, “ओरिजिनल आहे ना, मॅडम?” विचारताना त्यांचा चेहरा दवाखान्यात रिपोर्टची वाट बघणाऱ्यासारखा असतो. मी जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेट तपासते, दुरुस्त करते आणि ज्यांना त्या जमवायच्या आहेत त्यांना असली-नकली सांगते. अमरावतीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, एक भिंग, छोटा वजनकाटा, सोल्डरिंगचं सामान आणि पाठीमागे कुबड असलेला जुना टीव्ही, एवढंच माझं दुकान आहे. पाटी लावलेली नाही. पाटी लावली तर लोक आत येतील, अशी मला सुरुवातीला भीती वाटायची.

ज्यांनी हे खेळ खेळले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे हिला कॅसेट म्हणतात, पण तिच्यात फीत नसते. प्लास्टिकच्या डबीत एक हिरवी पट्टी असते, पट्टीवर चिप आणि चिपमध्ये खेळ. पट्टीची एक कड डबीच्या तोंडाशी उघडी असते, तिच्यावर पिवळे दात असतात. ते दात टीव्ही गेमच्या खाचेत बसवले की खेळ सुरू होतो. नाही झाला तर सगळा भारत त्या दातांवर फुंकर मारतो. त्याने उपयोग होत नाही, उलट थुंकीने दात गंजतात, पण हे मी कुणालाही पटवू शकलेले नाही.

पुण्यातल्या पहिल्या नोकरीच्या पहिल्या पगारातून मी अशी एक जपानी कॅसेट ऑनलाइन मागवली. लहानपणी मावशीकडे तो खेळ खेळले होते, एवढंच कारण. ती नकली निघाली. रडण्यापेक्षा मी ती उघडली, आत काय आहे ते बघत बसले, आणि एका अर्थी अजून तिथेच बसलेली आहे. त्या विक्रेत्याचं नाव मला आठवत नाही. आठवलं असतं तर आभाराचं पत्र पाठवलं असतं.

नवीन संग्राहक मला यादी मागतात, “सुरुवात कशापासून करू?” मी सांगते, तुम्ही स्वतः खेळलेल्या एका खेळापासून. त्याचा स्क्रीन तुमच्या ओळखीचा असतो, त्यामुळे फसलात तरी लवकर कळतं. समोरच्या चित्राचा एकच फोटो बघून घेऊ नका. पाठीचा आणि दातांचा फोटो मागा. लेबलवरच्या अक्षरांच्या कडा भिंगाखाली फुटलेल्या दिसल्या तर ते फोटोवरून काढलेलं चित्र असण्याची शक्यता जास्त. हातात घेतल्यावर रिकाम्या साबणदाणीसारखी हलकी लागली तर थांबा. आत चिपऐवजी डांबराचा थेंब पडल्यासारखा काळा ठिपका असेल तर संशय घ्या. मात्र काही असली कॅसेटमध्येही तो असतो, म्हणून एकाच खुणेवर निकाल द्यायचा नाही. आणि विक्रेता “उघडू नका, वॉरंटी जाईल” म्हणाला, तर वस्तूचं वय आठवा आणि नम्रपणे फोन ठेवा.

गिऱ्हाइकांनी मला जे शिकवलं ते मात्र अशा खुणांत बसत नाही. वलगावच्या एक काकू मुलाची कॅसेट घेऊन आल्या. मुलगा परदेशात, तो येण्याआधी चालू करून ठेवायची होती. मी दात भिंगाखाली धरले. आरशासारखे चमकत होते, आणि त्यांच्यावरचा सोन्याचा मुलामा पार गेलेला होता.

“काकू, हे कशाने पुसलं?”

“पुसलं कायचं, चांगलं घासलं,” काकू म्हणाल्या. “पितळ होतं ना ते? चिंच लावली, राखेनं घासलं. दिवाळीचे दिवे घासले, त्यातच हे बी घासून टाकलं. कसं लखलख करून राहिलं पाहा!”

मी चिप काढून नवीन दातांच्या पट्टीवर बसवून दिली. जुनी चकचकीत पट्टी त्यांनी मागून घेतली. “फेकाले जीव नाही होत, इतकी घासली मी,” म्हणाल्या.

अकोल्यात एकांची व्हिडिओ लायब्ररी होती, कॅसेट भाड्याने द्यायचे. ती बंद करताना त्यांनी पोतंभर कॅसेट माझ्याकडे आणल्या. प्रत्येकीवर हजारो खेळांचा आकडा छापलेला, आत तेच दहा-बारा खेळ नावं आणि रंग बदलून पुन्हा पुन्हा. मी म्हटलं, “भाऊ, या सगळ्या डुप्लिकेट आहेत.”

“माहीत हाय ना मले. लोकाईले आकडा पाहिजे होता, आमी आकडा देल्ला. खेळ कोन मोजून राहिलं होतं?”

ते पोतं मी ठेवून घेतलं. वऱ्हाडातल्या एका पिढीचं सगळं बालपण डुप्लिकेटवर गेलं आहे. असली कॅसेट इथे क्वचितच पोचली. म्हणून माझ्या कपाटात एक फळी या नकलींची आहे, आणि पुण्या-मुंबईचे संग्राहक नाक मुरडतात तेव्हा मी त्यांना हटकून तीच फळी आधी दाखवते.

पण “नकली आहे” हे वाक्य म्हणायला मला कधीच सोपं गेलं नाही. मी ते शक्यतो ईमेलवर म्हणते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी घरातलं, बोलण्यापुरतं होतं. गिऱ्हाइकांना तोंडावर सांगायची हिंमत नव्हती म्हणून मी त्यांना मराठीत सविस्तर लिहायला लागले, आणि लिहिता लिहिता लिहायला शिकले. हा लेख त्याच भित्रेपणाची कमाई आहे. अकोल्याच्या भाऊंना ते आधीच माहीत होतं, त्यांना सोडलं तर फक्त एका माणसाला ते मला समोरासमोर सांगावं लागलं.

गजाननभाऊ अंजनगाव सुर्जीचे. पंचेचाळिशीचे असतील. त्यांचा पानमळा आहे, म्हणून येताना ओल्या फडक्यात गुंडाळलेली विड्याची पानं घेऊन आले. पानं आईकडे दिली, आणि खिशातून रुमालात बांधलेली कॅसेट काढून माझ्या टेबलावर ठेवली.

“मॅडम, एवढंच सांगा. ओरिजिनल हाय का?”

कॅसेटच्या कडेच्या अरुंद पट्टीवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं: चि. गजानन, बाळापूर. नवीन पातेल्यावर, ताटावर भांड्याच्या दुकानात मशीनने नाव घालतात ना, अगदी तसं.

“हे कुणी केलं?” मी विचारलं. संग्राहकाला विचाराल तर कॅसेटवर नाव कोरणं म्हणजे लग्नाच्या शालूवर धोब्याची खूण.

“माह्या मायनं. मामानं मस्कतहून आन्ली, तिनं दुसऱ्याच दिवशी भांड्यावाल्याकडं नेली. म्हने, पोराची वस्तू हाय, हरवली तं सापडली पाहिजे. मागं कागद चिकटवला होता, म्हून त्यानं बाजूनं नाव घातलं.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी इथे सरळ करून लिहिते. गजाननभाऊंच्या वडिलांची नोकरी तेव्हा बाळापूरला होती. शेजारी सलीम राहायचा. दोघं एका वर्गात, एका बाकावर. ईदच्या सुट्टीत गजाननने कॅसेट सलीमला खेळायला दिली, त्याने ती वेळेवर परतही केली. मग नागपूरचा एक आतेभाऊ आला आणि कॅसेट हातात घेऊन म्हणाला, ही तर डुप्लिकेट आहे. मामा डुप्लिकेट आणूच शकत नाही, यावर घरात कुणालाच शंका नव्हती. डबी तर तीच, वर नाव आहे. म्हणजे आतला माल बदलला. सलीमचा एक चुलता अकोल्यात रेडिओ दुरुस्त करायचा, त्यामुळे उत्तर सगळ्यांना लगेच सापडलं. चौदा वर्षांचा गजानन सलीमच्या दारात गेला आणि त्याच्या वडिलांसमोर त्याला चोर म्हणाला. आणखी एक शब्द म्हणाला. तो शब्द मला सांगताना त्यांनी गिळला, म्हणून मीही लिहीत नाही. वडिलांनी सलीमला सगळ्या गल्लीसमोर मारलं. त्यानंतर ते दोघं बोलले नाहीत.

“मंग आता काहून आलो मी?” गजाननभाऊंनी माझा प्रश्न स्वतःच विचारला. “माय गेली औंदा. तं सलीम आला, बाळापूरहून अंजनगावले. मांगं उभा राहिला. सगळं झाल्यावर पाहतो तं निघून गेला. माईच्या पेटीत ही भेटली. म्हनलं, एकडाव खरं समजलं पाहिजे. ओरिजिनल असन तं काहीच बदललं नाही, माह्यीच चूक. मी त्याच्या पायावर डोकं ठेवतो.”

ओरिजिनल असेल तर. मी कॅसेट हातात घेतली. ती हलकी होती.

भिंगाखाली लेबलच्या कडा फुटत होत्या. डबीच्या तोंडातून टॉर्च मारली तर आत पातळ पट्टी आणि काळा ठिपका. दातांच्या कडा सरळ कापलेल्या, खडबडीत. एकाच खुणेवर निकाल द्यायचा नाही म्हणून मी पुढची खूण शोधत राहिले, आणि प्रत्येक खूण तेच सांगत होती. ईमेल करते म्हणावं असं एकदा मनात आलं. पण ते समोर बसले होते, आणि आईने त्यांना चहा दिला होता.

“भाऊ, ही नकली आहे,” मी म्हटलं.

त्यांनी कप खाली ठेवला. नकली ऐकून लोक चिडतात, विक्रेत्याला शिव्या देतात. यांनी नुसती रुमालाची घडी घातली. “म्हन्जे बदललीच होती त्यानं,” ते म्हणाले. त्यांना इतकी वर्षं बरोबर असल्याचा आनंद अजिबात झाला नव्हता.

मी एरवी इथे थांबते. माझं काम संपलेलं असतं. पण मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी पुन्हा कॅसेटकडे बघायला लागले. माझ्या लाजण्याचा एवढा उपयोग त्याआधी कधी झाला नव्हता.

डबी दोन अर्ध्या भागांची असते. असली डबी स्क्रूने किंवा आतल्या खिट्ट्यांनी बंद होते. या डबीला स्क्रू नव्हते. नकली बनवणाऱ्याने दोन्ही भाग सरळ चिकटवून टाकले होते. सांधा बरोबर त्या अरुंद पट्टीच्या मधून जात होता, आणि त्यात बाहेर आलेला चिकटा वाळून काचेसारखा झाला होता. नाव कोरलेलं होतं ते याच सांध्यावर. मी भिंग जवळ नेलं. गजाननमधली प्रत्येक उभी रेघ वरच्या भागातून निघून, वाळलेल्या चिकट्यातून, खालच्या भागात गेली होती. ठिपक्यामागून ठिपका, कुठेही तुटलेली नाही. चिकट्यातही मशीनच्या सुईचे ठिपके होते.

“भाऊ, इकडे या,” मी म्हटलं. माझा आवाज मोठा झाला होता. आतून आई डोकावली. “ही डबी कुणी उघडली असती तर हा चिकटा तडकला असता. पुन्हा चिकटवली असती तर नवा चिकटा या ठिपक्यांत भरला असता. इथे ठिपके रिकामे आहेत. तुमच्या आईने नाव घातलं त्या दिवसानंतर ही कॅसेट कुणीही उघडलेली नाही.”

“मंग आतला माल?”

“मस्कतहून निघाली तेव्हापासून हाच आहे. मामांनाच कुणीतरी फसवलं.”

ते भिंगातून बघत राहिले. माझ्या सगळ्या कामात नकली असणं ही चांगली बातमी ठरलेली ती एकच वेळ. नाव कोरून कॅसेटची माती केली असं मी ज्या बाईबद्दल मनात म्हणत होते, तिनेच नकळत सलीमच्या बाजूने साक्ष लिहून ठेवली होती.

“फोडून पाहा एकडाव. पक्कं करून टाकू,” ते म्हणाले.

“फोडली तर हे जाईल,” मी नावावर बोट ठेवलं. “मग सलीमभाईंना काय दाखवाल?”

“मी नाही दाखवनार. माह्यं काहून ऐकन तो? तुमी चाला.”

मी नाही म्हणणार होते. पण आई दारातूनच म्हणाली, “जा गं. मीही येते. दिवसभर प्लास्टिकशी बोलतेस, एखादा दिवस माणसांशी बोल.” अकोल्यापर्यंत गजाननभाऊंच्या गाडीत ती आणि ते पानमळ्याच्या रोगांवर बोलत राहिले. तिथे माझ्या मामाच्या घरापाशी आई उतरली. “पुढे तू काय बोलायचं ते तुझं काम,” म्हणाली. आईचे मी आजवर आभार मानलेले नाहीत, इथे मानते.

बाळापूरला सलीमभाईंचं कापडाचं दुकान आहे, वर घर. आम्ही जिना चढून वर गेलो. गजाननभाऊंना दारात बघून सलीमभाईंनी हातातला पेपर घडी घालून ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बसा, मॅडम.” मला. त्यांना नाही. गजाननभाऊ भिंतीशी उभेच राहिले.

मी बोलले. शब्द अडखळत होते, निम्मे इंग्रजी येत होते, पण सगळं बोलले. भिंग दिलं. सलीमभाईंनी कॅसेट उजेडाकडे धरली, नीट बघितली, आणि भिंगासकट मला परत केली.

“बेटा, मले काय दाखवून राहिली? मी नाई बदलली हे मले तं माहीतच हाय.”

मी भिंग ओढणीने पुसायला लागले.

“याले दाखवा,” ते म्हणाले.

“पाहिलं मी,” गजाननभाऊ म्हणाले. “चुकलो सलीम. लय चुकलो.”

“मामा कुठी हाय तुह्या?”

“नागपूरले असते, पोराकडं. थकला आता.”

“त्याले नको सांगू. म्हाताऱ्याले झोप नाई यायची.” ते किंचित हसले आणि हसू लगेच गेलं. “अब्बा जाईपर्यंत विचारत होते मले. दवाखान्यात बी विचारलं. सच बता बेटा, बदली थी क्या? त्याईले कोन देईन आता हे भिंग?”

आतून शबानाभाभी, त्यांच्या पत्नी, चहाचा ट्रे घेऊन आल्या, ट्रे ठेवून तिथेच उभ्या राहिल्या.

“चहा घे,” सलीमभाई गजाननभाऊंना म्हणाले. “प्रूफ घेऊन आला, चहा पाजतो. बिनाप्रूफचा आला असता तं जेवू घातलं असतं.”

“क्या बात करते हो जी!” भाभी म्हणाल्या.

“बरोबर बोलून राहिलो. मायच्या मयतीले मी काही घेऊन आलो होतो काय संगं?”

गजाननभाऊंनी कपाला हात लावला नाही. ते माझ्याकडे आले, कॅसेट माझ्या हातातून घेतली, रुमालात बांधली आणि पुन्हा माझ्याच मांडीवर ठेवली. मग जिना उतरून गेले. खाली चपलांचा आवाज झाला. परक्या घरात मी एकटी, समोर तीन कप, आणि अकोल्यापर्यंत नेणारी गाडी त्यांचीच. मी भाभींकडे बघितलं. त्यांनी हातानेच सांगितलं, बसून राहा.

खालून दाराची कडी वाजली.

सलीमभाई हलले नाहीत. पुन्हा वाजली.

“कोन हाय?” ते बसल्या जागेवरून ओरडले.

“गजानन.”

“काहून आला?”

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

“असाच,” गजाननभाऊ म्हणाले.

सलीमभाईंनी डोळ्यांवरून एकदा हात फिरवला आणि भाभींना म्हणाले, “पीठ मळ.” मग जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.

“ये मंग वर,” ते खाली बघून म्हणाले. “अन् चप्पल आत काढ बे. बाहेर ठेवली का कुत्रं नेते.”